समुद्र आत आला तो शनिवार

नेव्हिलने पान दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि पान धाकट्या बहिणीच्या, लिनेटच्या ताटाशेजारी ठेवून दिलं.

"हे नाही छापता यायचं."

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"शुद्धलेखन ठीक आहे. समुद्र चुकलाय."

रविवारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. बीफचा शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा यावर नेहमीसारखा आग्रह होऊन तो नेहमीसारखाच नेव्हिलच्या पोटात गेला होता. त्याची बायको जॉइस खिडकीजवळ विणकाम घेऊन बसली होती. जास्तीच्या सुया तिने एका जुन्या, तपकिरी, चिनी मातीच्या बाटलीत खोवून ठेवल्या होत्या. आल्याचं सरबत पूर्वी असल्या बाटल्यांतून यायचं.

शेफील्डच्या त्यांच्या जुन्या वस्तीतला कामगारांचा क्लब महिनाअखेर कायमचा बंद होणार होता. निरोप म्हणून एक छोटं पुस्तक काढायचं ठरलं होतं आणि ते काम पंचाहत्तर वर्षांच्या नेव्हिलने अंगावर घेतलं होतं. विषय एकच, क्लबची सहल. दर उन्हाळ्यात एका शनिवारी क्लबची खास आगगाडी तीनशे पोरांना, आणि सोबतीला काही मोठ्या माणसांना, घेऊन समुद्रकाठच्या क्लीथॉर्प्सला जायची. आदल्या दिवशी प्रत्येक पोराला नावाचा पुठ्ठा मिळायचा, सुतळी ओवलेला. तो कोटाच्या बटणाला बांधायचा, म्हणजे हरवलं तर पोर परत मिळे. गाडीत एक पाव, एक सफरचंद आणि गुलाबी साखरेची कांडी. जुन्या पोरांनी, म्हणजे आता सत्तरी गाठलेल्यांनी, एकेक पान लिहून द्यायचं होतं आणि शुक्रवारी सगळं छापखान्यात जाणार होतं.

लिनेटचं पान जेमतेम अर्धंच भरलं होतं. आपण वडिलांच्या खांद्यावर बसलोय. त्यांनी विजार गुडघ्यावर दुमडलीय, तरी ती भिजलीय. आजूबाजूला सगळं पाणी. मागे भिंतीपाशी लाट आपटल्याचा आवाज. आपण त्यांचे कान धरलेत आणि केसांना लावलेल्या तेलाचा वास येतोय. मग वडील एकदम पाण्याकडे वाकतात, आपण पडणार म्हणून किंचाळतो, कान ओढतो, आणि ते असे हसतात की आपण वर बसल्या बसल्या हलतो. बस, एवढंच.

"समुद्र चुकलाय म्हणजे?" लिनेटने विचारलं.

"अगं, सहलीला समुद्र कधी आत होता का? नऊ वर्षं गेलो मी. नऊ! एकदासुद्धा पाणी नाही. स्टेशनातून बाहेर पडायचं की समोर नुसता चिखल आणि वाळू, आणि पार तिकडे एक करडी रेघ. सहा पेन्सांचं काय झालं होतं आठवतंय ना?"

आठवत होतं. समुद्र जो पहिला पाहील त्याला क्लबचे सेक्रेटरी मिस्टर बॅगशॉ सहा पेन्स देणार, असा रिवाज होता. पोरं गाडीतून उतरली की "दिसला! दिसला!" म्हणून ओरडत सुटायची आणि बॅगशॉसाहेब मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, "ती रेघ आहे, बाळांनो. समुद्र म्हणजे बोट लावलं की ओलं झालं पाहिजे." सहा पेन्स खिशातच राहायचे.

मोठी माणसं त्यांना चिक्कू म्हणायची. शेफील्डची पोरं म्हणायची, बॅगशॉच्या खिशाला कुलूप आहे आणि किल्ली समुद्रात पडलीय, म्हणूनच तो समुद्र जवळ येऊ देत नाही.

"शिवाय," नेव्हिल पुढे म्हणाला, "डॅड कधी पाण्यात उतरले नाहीत. खुर्ची टाकून पेपर वाचायचे. तू पाच वर्षांची होतीस, लिन. कुठल्यातरी सिनेमातलं डोक्यात राहिलं असेल. होतं असं. माणूस मुद्दाम खोटं बोलतो असं नाही."

"एवढं समजून घेतल्याबद्दल आभारी आहे."

"चिडू नकोस. डॅडबद्दल दुसरं काहीतरी लिही ना."

जॉइसच्या सुया थांबल्या. दुसरं काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं, लिनेटला तर होतंच. वडील, विल्फ स्टॅनिफोर्थ, एकोणीसशे पंचावन्नच्या नोव्हेंबरात न्यूमोनियाने गेले. नेव्हिलकडे त्यांच्या शंभर आठवणी होत्या. सायकल शिकवताना, दाढी करताना, फुटबॉलच्या पंचाला शिव्या घालताना. लिनेटकडे ही एक होती. तीही सिनेमातली निघाली, तर वडील म्हणून तिच्यापाशी एक फोटो तेवढा उरणार होता, आणि फोटोत ते हसत नव्हते.

तिने पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना?"

"आहे. पण पाणी आणणार कुठून?"

घरी जाताना बसमध्ये ती विचार करत होती. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेली बाई. नेव्हिलचं म्हणणं तिला नुसतं लागलं असतं तर सोपं होतं, पण ते तिला पटतही होतं. वडील गेल्यावरही सात वर्षं ती सहलीला गेली होती आणि त्या सातही वेळा चिखलच पाहिला होता. गाढवांच्या पाठीवर बसून वाळूत फेऱ्या मारल्याचं आठवत होतं, पायाला पाणी लागल्याचं नाही. सात निरीक्षणं एकीकडे, एक दुसरीकडे. एखाद्या मुलाने असा तक्ता आणला असता तर तिनेच म्हटलं असतं, बाळा, ते एकटं निरीक्षण सोड आणि आधी उपकरण तपास. इथे उपकरण म्हणजे पाच वर्षांचं एक डोकं होतं.

बस उतारावर वळली तेव्हा मात्र तिच्या मनात दुसरीच शंका आली. सगळ्या वेळा चिखलच कसा?

भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. सहल कुठल्याही शनिवारी ठेवली तरी दुपारी पाणी असण्याची आणि नसण्याची शक्यता साधारण सारखीच. नेव्हिलची नऊ वर्षं आणि त्यानंतरची तिची, मिळून चौदा उन्हाळे. नाणं चौदा वेळा उडवलं आणि चौदाही वेळा काटाच पडला, तर नाण्याला दोन्हीकडे काटा आहे असं समजावं. म्हणजे कुणीतरी दिवस निवडत होतं. आणि निवडणारा माणूस एकच असू शकत होता.

*

मिस्टर बॅगशॉ जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यांची मुलगी एनिड चौऱ्याऐंशी वर्षांची होती, त्याच गल्लीत, त्याच घरात. दार उघडून तिने लिनेटला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"स्टॅनिफोर्थची धाकटी ना तू? गाडीत ओकणारी?"

"ती मीच."

"डॉनकॅस्टर यायच्या आत ओकायचीस. वडील म्हणायचे, घड्याळ लावून घ्या पोरीवर. ये, चहा टाकते."

चहाबरोबर बिस्किटांचा डबा आला आणि डब्याबरोबर सल्ला, की चॉकलेटची बिस्किटं खालच्या थरात आहेत पण पाहुण्यांनी वरचा थर आधी संपवायचा असतो. फडताळावर पितळी घंटा होती. लिनेटने ती लगेच ओळखली. सहलीला दुपारचे तीन वाजले की बॅगशॉसाहेब ही घंटा घेऊन सबंध किनाऱ्यावर फिरायचे. घंटा ऐकली की हातातला किल्ला टाकून, असाल तसे, वरच्या सभागृहात चहाला. तीन नंतर वाळूत सापडलेल्या पोराला केक नाही.

लिनेटने आपल्या अर्ध्या पानाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "एनिड, सहलीचा दिवस तुमचे वडील कसा ठरवायचे?"

एनिड जरा वेळ बिस्किट चहात बुडवत राहिली. इतका वेळ, की अर्धं आत पडलं.

"कुणी विचारलं नव्हतं आजवर," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटायचं, सहा पेन्स वाचवतो."

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या सहलीत, ती सांगू लागली, दोन बहिणी वाळूच्या उंचवट्यावर खेळत राहिल्या. त्या किनाऱ्यावर पाणी समोरून येत नाही, आधी मागच्या चरातून शिरतं. मुली वळून बघतात तो मागे कमरेएवढं पाणी. शिंपले गोळा करणारा एक माणूस घोडागाडी घेऊन गेला म्हणून आणल्या जिवंत. "वडील त्या दिवसानंतर आठवडाभर झोपले नाहीत. भरतीचं पंचांग घेऊन आले. म्हणाले, यापुढे पोरं गाडीतून उतरतील तेव्हा पाणी निघून जात असलं पाहिजे, आणि ते परतायच्या आत माझी घंटा वाजली पाहिजे. कुणाला बोलले नाहीत. आयांनी पोरं पाठवलीच नसती."

तिने वरच्या खोलीतून एक काळी वही आणली. दर सहलीला एक पान, पेन्सिलीत: तारीख, पोरं किती, हवा कशी, आणि शेवटी ओहोटीची वेळ. लिनेटने एकेक पान उलटलं. बारा, पावणेबारा, एक, साडेबारा, पाऊण.

तारखा पाहून तिला हसू आलं. सगळे शनिवार पौर्णिमा-अमावास्येला लागून. म्हणजे नेमके उधाणाचे दिवस. प्रत्येक बंदराची एक खोड असते. तिथे उधाणाची भरती नेहमी घड्याळाच्या त्याच वेळेला येते. क्लीथॉर्प्सला ती सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहा-सातला. मधली दुपार कोरडीठाक. उधाणाला समुद्र सगळ्यात वर चढतो, पण तेव्हा पोरं एकतर शेफील्डला अंथरुणात असत नाहीतर परतीच्या गाडीत. वर चढतो तसा तो सगळ्यात दूरही जातो, आणि परततो तेव्हा झपाट्याने परततो. घंटा तीनलाच का, हे तिला साठ वर्षांनी कळलं. केकचा तिथे काही संबंध नव्हता.

"फार हुशार होते तुमचे वडील."

"घाबरट होते," एनिड म्हणाली. "हुशारी त्यातनं आली."

लिनेटने पान उलटलं आणि तिचा हात थांबला. एकोणीसशे पंचावन्न. तारीख चार जून, आणि तिच्यावर आडवी रेघ. बाजूला लिहिलं होतं: 'रेल्वेचा संप. गाडी नाही.' खाली दुसरी तारीख, पंचवीस जून. आणि त्याखाली, पेन्सिल दाबून: 'रेल्वेकडे दुसरा दिवस नाही. भरती सकाळी साडेदहा. देव बघून घेईल.'

गाडी साडेदहालाच पोचायची.

त्याच पानावर शेवटी आणखी दोन ओळी होत्या. 'पाण्यात फक्त मोठ्यांबरोबर. सगळे परत, मोजून.' आणि 'सहा पेन्स दिले.'

"दिले?" एनिड वहीवर वाकली. "अगं बाई! कुणाला?"

"नाव नाही लिहिलेलं."

"तूच असशील. बापाच्या खांद्यावर होतीस म्हणतेस, मग उंचावरून आधी तुलाच दिसणार. लिहून टाक तूच म्हणून. कोण येतंय तपासायला?"

लिनेटने खरोखर आठवून पाहिलं. तेलाचा वास आठवला, कान आठवले, लाटेचा आवाज आठवला. हातात नाणं काही आठवलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "ते मला माहीत नाही."

"अगदी बॅगशॉच शोभतेस," एनिड म्हणाली आणि डब्याचा वरचा थर बाजूला करून तिला खालचं चॉकलेटचं बिस्किट दिलं.

*

गुरुवारी दुपारी लिनेटने वहीच्या त्या पानाचा फोटो नेव्हिलसमोर धरला. त्याने फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला.

"बॅगशॉचंच अक्षर," तो अखेर म्हणाला. "बरं. पंचावन्नला पाणी होतं म्हणू."

"म्हणू काय, होतं."

"पण लिन, मी होतो ना तिथे! मी अकरा वर्षांचा होतो, काही कुक्कुलं बाळ नव्हतो. पाणी भिंतीला लागलेलं असतं आणि डॅड त्यात उभे असते, तर मी विसरलो असतो? वहीत लिहिलंय पाणी होतं. डॅड पाण्यात होते असं कुठे लिहिलंय?"

हाच प्रश्न तिला दोन दिवस खात होता. साक्षीदार एकच होता आणि तो उलट बाजूने बोलत होता.

"तू नक्की होतास? दर वर्षी?"

"थांब, पुरावाच आणतो. तुझ्या शाळेत पुरावा लागतो ना?"

तो जिन्याने वर गेला. कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. जॉइस विणता विणता म्हणाली, "आता टॉफीचा डबा येणार. चाळीस वर्षं झाली, फेकू देत नाही."

डबा आला. नेव्हिलने झाकण काढून नावाचे पुठ्ठे टेबलावर एकाखाली एक मांडले, पत्ते मांडावेत तसे. प्रत्येकावर निळ्या शाईत 'नेव्हिल स्टॅनिफोर्थ' आणि वर्ष. एकोणपन्नासपासून सत्तावन्नपर्यंत.

"मोज."

"नऊ."

"मग? पुठ्ठा नाही तर गाडीत बसू देत नसत. नऊ पुठ्ठे, नऊ सहली. संपलं."

लिनेटने मान डोलावली, पण हात मागे घेतला नाही. एकेक पुठ्ठा उचलून ती पाहू लागली. पिवळे पडलेले, कोपरे मऊ झालेले, एकावर जॅमचा डाग. भोकात सुतळीचं एकेक आखूड टोक राहिलेलं.

"सुतळी कापलेली का आहे?"

"मॅम कापायची." आईला ती दोघं मॅम म्हणत. "रात्री आम्ही पेंगत घरी यायचो, गाठ ओली होऊन घट्ट बसलेली असायची. ती सरळ कात्री लावायची. कोटाच्या बटणाला कात्री लागली तर आम्हालाच ओरडायची."

लिनेटने सातवा पुठ्ठा त्याच्यासमोर सरकवला. एकोणीसशे पंचावन्न. कोपरे टोकदार होते. सुतळी हातभर लांब होती, अखंड, दोन्ही टोकं मोकळी. तिला कधी गाठच पडली नव्हती.

नेव्हिलने सुतळी बोटांवर घेतली. ताणून पाहिली.

"हा बांधलाच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पण मग मी... पुठ्ठे शुक्रवारी वाटायचे. शुक्रवारी घेतला असणार. आणि शनिवारी..." तो थांबला.

"जूनमध्ये," जॉइस सुयांवरून नजर न उचलता म्हणाली, "गालगुंड झालं होतं ना रे तुला? अकराव्या वर्षी? लग्नात तुझ्या मावशीने सगळ्यांना सांगितलं होतं. तोंड फुटबॉलएवढं झालेलं, आणि त्यात समुद्राचं पाणी प्यायलास आणि अंथरुणभर ओकलास."

नेव्हिलने वळून खिडकीकडे पाहिलं. लिनेटनेही पाहिलं. विणकामाच्या सुया त्या तपकिरी बाटलीत उभ्या होत्या.

"डॅडनी आणली होती ती," नेव्हिल हळू म्हणाला. "उशाशी ठेवली. म्हणाले, घे, तुला येता आलं नाही ना, म्हणून तोच आणलाय. पिऊ नकोस हां. ते खाली गेले आणि मी बूच काढलं." त्याने कपाळावरून हात फिरवला. "ही गोष्ट मी हजार वेळा सांगितलीय, लिन. हसत हसत. डॅडनी ते पाणी आणलं कुठून, हे मला एकदाही सुचलं नाही."

जॉइसने उठून बाटलीतल्या सुया काढल्या, बाटली टेबलावर पुठ्ठ्यांच्या शेजारी आणून ठेवली आणि किटली भरायला निघून गेली.

लिनेट जिंकली होती. रविवारपासून आजपर्यंत ती याच क्षणाची वाट पाहत होती, नेव्हिलला काय टोमणा मारायचा तेही बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. तो तिच्या तोंडून निघेना. नेव्हिल त्या न बांधलेल्या सुतळीकडे बघत होता. अकरा वर्षांचं पोर शुक्रवारी नवा पुठ्ठा घेऊन घरी येतं आणि शनिवारी सुजलेल्या गालांनी छताकडे बघत पडतं, तसाच.

"एकदाच आत आला," तो म्हणाला, "आणि मी घरी."

मग त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "काढ ते पान. नीट सांग मला. पाणी कुठवर होतं?"

"त्यांच्या गुडघ्यांच्या वर. विजार भिजली होती."

"मॅम ओरडली असणार. थंड होतं?"

"मला नाही लागलं. मी वर होते."

"आणि डॅड काय म्हणाले? माझं काही बोलले का?"

लिनेटने डोळे मिटून पाहिलं. खोटं सांगणं अगदी सोपं होतं आणि जॉइसही स्वयंपाकघरात होती. "शब्द एकही आठवत नाही, नेव्ह. नुसतं हसणं. म्हणजे आधी ते वाकले, मी घाबरून कान ओढले, आणि मग..."

ती थांबली. पान उघडून तिने स्वतःच लिहिलेली ओळ पुन्हा वाचली. 'मग वडील एकदम पाण्याकडे वाकतात.' चौसष्ट वर्षं ती वाकण्यावर अडकली होती, खांद्यावर पोर असताना भर पाण्यात माणूस वाकेल कशाला? भीती तेवढी आठवत होती, कारण कधी कळलं नव्हतं.

तिने बाटली उचलली आणि खांद्यावर कुणी बसलंय असं सांभाळून, एका बाजूला झुकून, टेबलाच्या कडेखाली नेली. तोंड वर ठेवून पाण्याने भरल्यासारखी केली आणि पुन्हा वर आणली.

नेव्हिल बघत राहिला.

"असे वाकले होते?" त्याने विचारलं.

"अस्से."

त्याने बाटली तिच्या हातातून घेतली, तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. लोकरीचा वास येत होता. मग खिशातली पेन्सिल काढून त्याने तिचं पान पुढे ओढलं.

"पान अर्धंच भरलंय तुझं," तो म्हणाला. "खाली जागा आहे. का वाकले तेही लिही."